पारितोषिकाची चित्रं पाठवू की कांडीवाल्यांची?

(पत्राचा सारांश : मी इचलकरंजीची, कोल्हापुरात बीएफए पेंटिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे. घरी यंत्रमाग आहेत. पुढे बडोद्याला एमव्हीए (दृश्यकलेतली पदव्युत्तर पदवी) करायची इच्छा आहे. माझ्या जलरंगातल्या निसर्गचित्रांना स्पर्धांमध्ये पारितोषिकं मिळाली आहेत, म्हणून सर तीच पाठव म्हणतात. पण गेलं वर्षभर मी मागासाठी सुताच्या कांड्या भरणाऱ्या बायकांवर कापडाच्या तुकड्यांवर काम करते आहे. कोणती चित्रं पाठवू? इंग्रजी कच्चं आहे. एकजण पैसे घेऊन स्टेटमेंट (अर्जासोबतचं आपल्या कामाबद्दलचं निवेदन) लिहून देतो, ते घ्यावं का? बाबा विचारतात, यातून नोकरी लागेल का? आणि परदेशी जाण्याचा विचार आत्ताच करावा का?)

प्रिय विद्यार्थिनी,

तुझं पत्र वाचलं, सोबतचे फोटोही सावकाश पाहिले. कांडीवाल्यांची मालिका पाठव. माझ्या मनात याबद्दल जराही शंका नाही.

तुझे सर चुकीचं सांगताहेत असं नाही. बीएफएच्या प्रवेशाला हात किती तयार आहे हे पाहतात, स्पर्धेतही बरंचसं तेच पाहतात. पदव्युत्तर प्रवेशाच्या वेळी मात्र समोर बसलेल्या शिक्षकांना वेगळी काळजी असते. ही मुलगी दोन वर्षं आमच्या स्टुडिओत राहणार, तर ती स्वतःहून काय करत राहील? रंकाळा, पंचगंगेचा घाट, दोन व्यक्तिचित्रं, एक अमूर्त असा संच पाहून त्यांना एवढंच कळतं की सांगितलेलं काम तू उत्तम करतेस. तुझ्या मालिकेत मात्र पुढे सरकणं दिसतं. पहिल्या तीन चित्रांत कांडी भरणारी मावशी पूर्ण बसलेली आहे, कागदावर, कोळशात. मग कागद जाऊन ताग्याच्या टोकाचं कापड आलं. नंतर चेहरा गेला, हात आणि कांडी उरली. शेवटच्या चित्रांत तर रेषेच्या जागी सूतच आलंय. हे तुला कोणी सांगितलेलं नव्हतं. निवड समितीला हाच प्रवास दिसायला हवा, म्हणून चित्रं केलेल्या क्रमानेच लाव. सुरुवातीची कच्ची वाटली तरी काढू नकोस.

निसर्गचित्रांपैकी एकच ठेव : पावसातली सायझिंगची (सुताला खळ लावण्याची) शेड. ती या मालिकेच्या घरातलीच आहे. बाकीची मुलाखतीला वहीत घेऊन जा. कोल्हापूरच्या निसर्गचित्रांची परंपरा चित्रकार आबालाल रहिमानांपासूनची आहे आणि तू तिच्यात शिकलीस, हे लपवण्यासारखं नाहीच. विचारलं तर अभिमानाने दाखव.

मुलाखतीत हमखास येणारा प्रश्न म्हणजे, तू कोणाचं काम पाहतेस? पाठ केलेली पाश्चात्त्य नावं सांगू नकोस. तुझ्या विषयाजवळची माणसं आधी ओळखून घे. सुधीर पटवर्धनांनी मुंबई-ठाण्यातली कष्टकरी माणसं आणि गिरणगाव रंगवलं. त्यांचं 2001 चं 'लोअर परळ' नीट बघ. ते पेशाने रेडिओलॉजिस्ट, कलाशाळेत गेलेले नव्हते. प्रभाकर बरवे मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत शिकले आणि पुढे विणकर सेवा केंद्रात नोकरी करत राहिले, म्हणजे कापडाशी त्यांचा रोजचा संबंध होता. आणि मृणालिनी मुखर्जी! बडोद्यात के. जी. सुब्रमण्यन यांच्या हाताखाली शिकून त्यांनी तागाच्या दोराच्या गाठी मारत माणसाएवढी शिल्पं उभी केली. सूत हे शिल्पाचं साहित्य होऊ शकतं का, हा प्रश्न तुला आज पडलाय. त्या वर्षानुवर्षं त्याच प्रश्नावर काम करत होत्या. त्यांची शिल्पं प्रत्यक्ष पाहायला मिळाली तर सोडू नकोस, फोटोत त्यांचा आकार आणि वजन कळत नाही.

बडोद्याची निवड योग्य आहे, पण तेवढ्या एकाच अर्जावर थांबू नकोस. सयाजीराव विद्यापीठाची ललित कला विद्याशाखा 1950 मध्ये सुरू झाली. ना. श्री. बेंद्रे तिथे चित्रकला शिकवायचे आणि तेव्हापासून मराठी मुलांचा तिथे राबता आहे. चित्रकला, शिल्पकला, ग्राफिक आर्ट आणि कलेतिहास हे विभाग एकाच आवारात असल्यामुळे चित्रकलेची मुलं शिल्पाच्या अंगणात जाऊन बसतात. तुला याचा फार उपयोग होईल. जमलं तर शेवटच्या वर्षाच्या मुलांच्या वार्षिक डिस्प्लेच्या वेळी जाऊन ये. माहितीपत्रकापेक्षा त्या भिंती जास्त सांगतात. शांतिनिकेतनच्या कलाभवनात (1919) कापडावरच्या कामाची जुनी परंपरा आहे, म्हणून तेही यादीत घे. हैदराबाद विद्यापीठाचं सरोजिनी नायडू स्कूलही बघ. मुंबईच्या सर ज. जी. (जे. जे.) कलाशाळेला 2023 मध्ये अभिमत विद्यापीठाचा दर्जा मिळाला, त्यामुळे तिथल्या प्रवेशाबद्दल आधीच्या मुलांनी सांगितलेली माहिती जशीच्या तशी धरू नकोस. सीयूईटी-पीजी या पदव्युत्तर सामाईक प्रवेश परीक्षेचे अर्ज थंडीतच निघतात आणि काही केंद्रीय विद्यापीठांना ती परीक्षा लागते. निकाल लागल्यावर बघू म्हणत बसलीस तर वर्ष जाईल. जिथे अर्ज करशील तिथल्या संकेतस्थळावरची त्याच वर्षाची सूचना वाच.

आता स्टेटमेंट. विकत घेऊ नकोस. पैसे जातीलच, पण त्याहून मोठा धोका मुलाखतीत आहे. शिक्षक त्याच कागदावर बोट ठेवून विचारतात, 'हे म्हणजे काय?' आणि 'श्रमाचं राजकारण' किंवा 'देहाची स्मृती' असले शब्द दुसऱ्याने लिहिलेले असले की मूल तिथेच गप्प होतं. मी अशी मुलं पाहिली आहेत. चांगलं काम करणारी होती. तू आधी मराठीत लिही. मला पाठवलेल्या पत्रात तू लिहिलंयस : "मावशी बोलत असते, टीव्ही बघत असते, पण हात थांबत नाहीत. मला ते हात तिच्यापासून वेगळे दिसायला लागले." स्टेटमेंटची सुरुवात इथूनच कर. त्यापुढे कागद सोडून कापड का घेतलंस, सूत लावताना काय फसलं आणि दोन वर्षांत काय करून पाहायचंय, एवढं सांग. तीनशे शब्द पुरतात. मग कॉलेजमधल्या कोणाकडून तरी साध्या इंग्रजीत करून घे आणि प्रत्येक वाक्य तुला समजतंय ना, हे मोठ्याने वाचून बघ. वहिफणी, कांडी, बीम हे मागाच्या कामातले शब्द तसेच ठेव, एकदा अर्थ दिला की झालं. मुलाखतीत हिंदी-इंग्रजी मिसळून बोलणारी मुलं नेहमीच असतात, त्याचं दडपण नको.

फोटोंवर मात्र मेहनत घ्यावी लागेल. पाठवलेल्या फोटोंत पाच-सहा तरी तिरके आहेत आणि दोनांवर फ्लॅश चमकलाय. सकाळी सावलीतल्या उजेडात, चित्र भिंतीवर सरळ लावून, मोबाइल चित्राच्या मध्याच्या उंचीवर धरून काढ. सुताच्या कामांचा प्रत्येकी एक जवळून काढलेला फोटो हवाच, नाहीतर ती पेन्सिलची रेष वाटते. खाली माप, माध्यम, वर्ष लिही.

शिफारसपत्रं मागायची असतील तर निदान महिनाभर आधी माग. ज्यांनी तुला काम करताना पाहिलंय त्यांनाच माग, पद मोठं नसलं तरी चालेल.

बाबांचा प्रश्न रास्त आहे आणि त्यांना गुळमुळीत उत्तर देऊ नये. एमव्हीए झाल्यावर नोकरी ठेवलेली नसते. महाविद्यालयात शिकवायचं तर पदव्युत्तर पदवीत 55 टक्के आणि यूजीसी-नेट ही पात्रता परीक्षा हा नेहमीचा मार्ग आहे. नेटमध्ये दृश्यकला हा स्वतंत्र विषय असून दुसऱ्या वर्षात असतानाच परीक्षा देता येते. तेवढं मनाशी धरून कलेतिहास पहिल्या दिवसापासून गंभीरपणे वाच. शाळेत कलाशिक्षक व्हायचं तर एटीडीसारखी (आर्ट टीचर डिप्लोमा) वेगळी पदविका बघावी लागते, एमव्हीए तिची जागा घेत नाही. चित्रं विकून घर चालायला वर्षं लागतात, काहींचं कधीच चालत नाही. हे सगळं बाबांना आत्ताच सांग. सरकारी विद्यापीठाची फी खाजगी संस्थांच्या मानाने बरीच कमी असते, म्हणून खर्चाचा मोठा भाग राहण्या-खाण्याचा आणि साहित्याचा धरा. सांस्कृतिक मंत्रालयाची 18 ते 25 वयोगटातल्या तरुण कलावंतांसाठी शिष्यवृत्ती आहे, महिना 5,000 रुपये, दोन वर्षं. तिच्यात दृश्यकलाही येते. जाहिरातीवर लक्ष ठेव.

परदेशाचं आत्ता बाजूला ठेव. अमेरिकेतल्या नामांकित खाजगी कलाशाळांत दोन वर्षांचा खर्च राहण्यासकट कोटीच्या पुढे जाऊ शकतो. मागांवर कर्ज काढून त्यात उतरणं मला पटत नाही. तिथल्या काही सरकारी विद्यापीठांत शिकवण्याच्या मोबदल्यात फी माफ होते, पण अशा जागांसाठी चुरस मोठी असते. बडोद्याची दोन वर्षं आणि एक-दोन प्रदर्शनं गाठीशी असली की तुझा अर्ज तिथे जास्त वजनदार होईल.

दोन गोष्टी राहिल्या. ज्या बायका चित्रांत ओळखू येतात त्यांना, मावशीसकट, ही चित्रं बाहेर जाणार आहेत हे सांगून त्यांची परवानगी घे. आणि ते मोठं, अर्धवट राहिलेलं कापड अर्जाच्या तारखेसाठी घाईने पुरं करू नकोस. फोटोखाली 'काम चालू' असं लिही, आणि मुलाखतीला बोलावलं तर गुंडाळी करून सोबत ने.