आठवडे बाजारात मातीच्या वस्तू घेऊन बसताना

या वेळच्या पत्रांमध्ये मातीकाम आणि मातीचे दागिने यावरचेच प्रश्न जास्त होते, म्हणून हा अंक सगळा त्यांनाच दिलाय. मी स्वतः मातीत काम करते आणि बाजारात माल घेऊन बसते, त्यामुळे जे हाताखालून गेलंय तेवढंच सांगतेय.

प्रश्न: मी घरीच टेराकोटाचे, म्हणजे लाल मातीचे, कानातले, गळ्यातले करते. भट्टी नाही म्हणून ओटीजीत (घरगुती विजेच्या ओव्हनमध्ये) २५० वर तासभर ठेवते, कधी गॅसवर जाळी ठेवून भाजते. काही तडकतात, काही तर फुटून उडतात. सोसायटीजवळ रविवारी शेतकरी आठवडे बाजार भरतो, तिथे स्टॉल लावू का? – एक वाचक, चिंचवड

उत्तर: ताई, स्टॉल लावा, पण आत्ता तयार आहेत ते दागिने घेऊन नाही. ओटीजीत माती फक्त वाळते, भाजली जात नाही. मातीच्या कणांनी आत धरून ठेवलेलं पाणी असतं ते साधारण ३५० ते ६०० डिग्रीच्या दरम्यान निघून जातं, त्यानंतरच ती माती परत कधी चिखल होत नाही, आणि आपला लाल टेराकोटा नीट पक्का व्हायला ९०० ते १००० डिग्री लागतात. खात्री करायची असेल तर एक कानातलं रात्रभर पाण्यात टाकून ठेवा, सकाळी कडा मऊ झाल्या किंवा तळाशी गाळ बसला की समजायचं कच्चं आहे. वरून ॲक्रिलिक आणि वॉर्निश मारलं तरी आतून कच्चं ते कच्चंच, घामाने आणि पावसाने झिजणार.

फुटून उडतात ते ओलीमुळे. वरून वाळलेलं दिसतं पण आत ओल असते, १०० डिग्रीला तिची वाफ होते आणि तिला वाट मिळाली नाही की तुकडा फोडूनच बाहेर पडते. भाजायच्या आधी वस्तू गालाला लावून बघा, गार लागली तर अजून ओल आहे. सावलीत हळूहळू वाळवा, पंख्याखाली नको कारण एका बाजूने आधी वाळून वाकतं, आणि पावसाळ्यात आठवडा सुद्धा कमी पडतो.

लगेच भट्टी विकत घ्यायला धावू नका. मातीकामाचे बरेच स्टुडिओ बाहेरच्यांचा माल पैसे घेऊन भाजून देतात, किंवा जवळच्या कुंभारदादांना विचारा, त्यांचा आवा, म्हणजे मडकी भाजायची भट्टी, लागणार असेल तेव्हा तुमचे दागिने एका माठात घालून आत ठेवता येतात. त्यातही गंमत आहे, माठात लाकडाचा भुसा भरून त्यात दागिने पुरले आणि तोंड घट्ट बंद केलं तर आत हवा कमी पडते, मातीतलं लोह लाल राहत नाही आणि दागिने सुंदर काळे निघतात, वर कुठलाही रंग लावायची गरज नाही. भाजायच्या आधी गुळगुळीत दगडाने घासून घेतले तर मस्त चमक पण येते. मात्र आव्यात जागा मागताना पैसे किती ते विचारून द्या, "एवढंसं तर आहे" म्हणून फुकट भाजून घेऊ नका, जळण त्यांचं असतं आणि रात्रभर जागतात पण तेच.

दोन बारीक गोष्टी. माती वाळताना आणि भाजताना आकसते त्यामुळे भोक लागतं त्यापेक्षा थोडं मोठं पाडा, नाहीतर नंतर हूक जात नाही. आणि हूक स्वस्तातले घेऊ नका, निकेलची ॲलर्जी खूप जणींना असते, सर्जिकल स्टील किंवा चांदीचे वापरा. तुमच्या मातीवर गिऱ्हाइकाचा कितीही जीव जडला तरी कान चिघळला तर ती परत येणार नाही.

ओटीजीतच करायचं असेल तर पॉलिमर क्ले, म्हणजे प्लास्टिकची कृत्रिम माती, वापरा, ती साधारण ११० ते १३० डिग्रीला पक्की होते. फक्त पाटीवर तसं स्पष्ट लिहा, तिला टेराकोटा म्हणून विकू नका.

जागेचं म्हणाल तर, राज्याच्या कृषी पणन मंडळाने संत सावता माळींच्या नावाने जे आठवडे बाजार सुरू केले ते शेतकऱ्याचा माल थेट गिऱ्हाइकापर्यंत जावा म्हणून आहेत, भाजीच्या ओळीत जागा मागायचा आपला हक्क नाही. संयोजकांना आधी भेटा, कडेला जागा देतात का विचारा. बचत गटात असाल तर महालक्ष्मी सरस या बचत गटांच्या प्रदर्शनासाठी नक्की प्रयत्न करा. आणि स्टॉलवर आरसा ठेवा! कानाला लावून बघितल्याशिवाय कोणी कानातलं घेत नाही.

प्रश्न: मी बोल, मग आणि लोणच्याच्या बरण्या करते. एका गिऱ्हाइकाने विचारलं "यात शिसं नाही ना?" मला उत्तर देता आलं नाही. – एक वाचक, नाशिक

उत्तर: हा प्रश्न विचारणाऱ्या त्या बाईंचे मनापासून आभार माना. भांड्याला चमक येते ती ग्लेजमुळे, म्हणजे भट्टीत वितळून बसलेला काचेचा थर. कमी तापमानाला ग्लेज वितळावं म्हणून पूर्वीपासून शिसं घालत आले आहेत आणि असं ग्लेज नीट बसलेलं नसेल तर लिंबू, चिंच, कोकम, लोणचं अशा आंबट पदार्थात ते उतरतं. लहान मुलांसाठी तर हे फारच वाईट. त्यामुळे खाण्यापिण्याच्या भांड्यांना शिसंविरहित ग्लेजच घ्यायचं, दुकानदाराकडून तसं लेखी घ्यायचं, ग्लेज पाकिटावर लिहिलंय त्या तापमानालाच भाजायचं, आणि विकायला काढण्याआधी एक भांडं लॅबमध्ये तपासून घ्यायचं. घरी लिंबाची फोड रात्रभर ठेवून ग्लेजचा रंग उडतो का ते बघता येतं, उडाला तर ते भांडं बाद. पण रंग उडाला नाही म्हणजे शिसं नाही असं मात्र अजिबात नाही, शिसं डोळ्यांना दिसत नाही.

लोणच्यासाठी बरणी करायची तर १२०० डिग्रीच्या वर भाजलेली स्टोनवेअरची, म्हणजे दगडासारख्या घट्ट होणाऱ्या मातीची करा, आपल्या आज्यांच्या बरण्या तशाच असायच्या. साध्या लाल मातीत तेल झिरपतं. बिनग्लेजचा टेराकोटा पाण्याला आणि दह्याला उत्तम. लोणच्याला नको, आणि फुलदाणी केलीत तर खाली बशी द्या नाहीतर लाकडी टेबलावर गोल डाग पडतो.

प्रश्न: आम्ही कुंभार. वडील माठ, पणत्या, सुगडं करतात, मी दही लावायची भांडी करून रविवारच्या बाजारात बसतो. ८० रुपये सांगितले तरी लोक म्हणतात मातीचंच तर आहे, ५० ला दे. शेजारी शहरातल्या ताई तशीच वाटी ४०० ला विकतात. आमचं काय चुकतं? – एक वाचक, कराड

उत्तर: दादा, कामात काही चुकत नाहीये. हिशोब मांडलेला नाही, एवढंच. समजा ४० भांडी केली. माती आणणं, गाळणं, जळण मिळून २,४०० रुपये. मळणं, घडवणं, थापटणं, भट्टी लावणं-काढणं यात २० तास गेले आणि तासाला १५० धरले तर ३,०००. झाले ५,४००. त्यातली ३६ धड निघाली तर एक भांडं १५० ला पडलं. आता बाजारातली जागा, टेम्पो, खोकी-कागद याचे ९०० गेले आणि त्या दिवशी १५ भांडी खपली तर भांड्यामागे अजून ६०. म्हणजे २१० ला नफा ना तोटा, आणि तुम्ही ८० ला देता तेव्हा प्रत्येक भांड्यामागे १३० रुपये आपल्या खिशातून गिऱ्हाइकाला देताय. तुमचे आकडे वेगळे असतील, ते घालून बघा, पण वडिलांची मजुरी शून्य धरू नका. पिढ्यानपिढ्या ती शून्यच धरली गेली म्हणून लोकांना माती फुकट वाटते, आणि याचं मला फार वाईट वाटतं.

भाव वाढवायचा तर कारण दिसलं पाहिजे. एका भांड्यात घरी लावलेलं दही घेऊन बसा, माती पाणी शोषते म्हणून दही घट्ट लागतं हे चमच्याने दाखवा, शेजारच्या दूधवाल्या शेतकऱ्याशी बोलून दोघांनी मिळून विका. तळाशी गावाचं आणि घराण्याचं नाव कोरा. किंचित वाकड्या पण पक्क्या मालाची वेगळी टोपली ठेवा, घासाघीस करणाऱ्याला तिकडे वळवा, बाकी भाव एकच. आणि संक्रांतीच्या वाणासाठी २५-५० नगांच्या ऑर्डर नोव्हेंबरपासूनच घ्यायला लागा, थंडीत माल वाळायला वेळ लागतो.

पीएम विश्वकर्मा योजनेत, जी १७ सप्टेंबर २०२३ ला सुरू झाली, कुंभारकाम धरून १८ व्यवसाय आहेत. प्रशिक्षण, अवजारांसाठी १५,००० रुपये, आणि ५ टक्के व्याजाने आधी १ लाख मग २ लाख कर्ज. घरटी एकालाच मिळते म्हणून वडिलांच्या नावावर करायचं की तुमच्या ते बसून ठरवा. नवीन काम शिकायचं असेल तर बेळगाव जिल्ह्यात खानापूरला खादी ग्रामोद्योग आयोगाची कुंभारकामाची संस्था आहे आणि चंद्रपूरकडे भद्रावतीचा ग्रामोदय संघ आहे, दोन्ही नावाजलेल्या जागा. जीएसटीची भीती वाटत असेल तर, राज्यातल्या राज्यात माल विकता आणि वर्षाची उलाढाल ४० लाखांच्या आत आहे तोवर नोंदणी सक्तीची नाही.

प्रश्न: एच-४ व्हिसावर (नवऱ्याच्या एच-१बी नोकरी व्हिसावर अवलंबून असलेल्या) आहे, इथल्या फार्मर्स मार्केटमध्ये माझे मग आणि दागिने विकू शकते का? छंद म्हणूनच करतेय. – एक वाचक, फ्रीमॉन्ट, कॅलिफोर्निया

उत्तर: ईएडी, म्हणजे अमेरिकेत काम करायचा परवाना, हातात नसेल तर नको. पैसे घेऊन विकलं की ते काम धरलं जाऊ शकतं, मग ते छंद म्हणून असो की मंडळाच्या दिवाळी मेळ्यात असो. नवऱ्याचा आय-१४० (ग्रीन कार्डसाठी कंपनीने केलेला अर्ज) मंजूर असेल तर एच-४ ईएडीसाठी अर्ज करता येतो, ही सोय २०१५ पासून आहे, पण तुमच्या केसचं इमिग्रेशन वकिलालाच विचारा. ईएडी आल्यावर सुद्धा तिथल्या सर्टिफाइड, म्हणजे सरकारमान्य, फार्मर्स मार्केटचा मुख्य भाग शेतमालालाच असतो, हस्तकला बाजूच्या वेगळ्या भागात, आणि सेलर्स परमिट (विक्रीचा परवाना) लागतं, त्याला फी नाही. मगमधून उतरणाऱ्या शिशासाठी एफडीएची (अमेरिकेच्या अन्न-औषध खात्याची) मर्यादा ०.५ पीपीएम, म्हणजे दहा लाख भागांत अर्धा भाग, आहे, तेव्हा तपासणीचा कागद आधीच काढून ठेवा. तोवर एच-४ वर शिकायला परवानगी आहे, जवळच्या कम्युनिटी कॉलेजमध्ये सिरॅमिक्सचा वर्ग असेल तर घ्या, मोठी भट्टी वापरायला मिळेल आणि वस्तू मैत्रिणींना भेट म्हणून बिनधास्त द्या.