फोंडंट सरकतो, फाटतो, घामेजतो, ते का

व्हिप्ड क्रीमच्या 6 इंची केकवर फोंडंट (पोळीसारखं लाटून केकवर पसरायचं गोड आवरण) चढवला, दोन तासांत तो घसरून बुडाशी फुगला, वरची कड फाटली आणि फ्रिजमधून काढल्यावर सगळा ओला झाला, असं तुम्ही लिहिलंय. यातला निम्मा दोष हाताचा नाहीच, आतल्या क्रीमचा आहे.

फोंडंट म्हणजे मुळात साखर. ती क्रीममधलं पाणी ओढून घेते, आतून विरघळते आणि चकती स्वतःच्या वजनाने खाली येते. म्हणून बाहेरून गनाशच (गरम क्रीममध्ये वितळवलेलं चॉकलेट) हवं: वजनाने डार्क चॉकलेट 2 भाग, क्रीम 1 भाग, व्हाइट असेल तर 3 ला 1. एप्रिल-मेमध्ये डार्कलाही अडीचला एक घ्या. टेट्रापॅकमधलं 25 टक्के फॅटचं क्रीम चालतं. रात्रभर झाकून बाहेर ठेवलं की सकाळी चक्क्यासारखं घट्ट होतं, तेव्हा लावायचं. व्हिप्ड क्रीम हवंच असेल तर फक्त थरांच्या मध्ये, आणि कडेने गनाशचा बांध घालून.

गनाशचा पहिला हात पातळ, 20 मिनिटं फ्रिज, मग दुसरा जाड. वरची कड बोटाने किंचित गोलसर करा. धारदार ठेवली तर फोंडंट नेमका तिथेच फाटतो.

आता लाटणं. व्यास अधिक दोन्ही बाजूंची उंची: केक 4 इंच उंच असेल तर 6+4+4, म्हणजे 14, आणि हाताळायला 2 जास्त. 16 इंची चकती 4 मिमी जाड लाटायला 700 ग्रॅमच्या आसपास फोंडंट लागतो. कापल्यावर 300 तरी परत मिळतो. 3 मिमीपेक्षा पातळ लाटला की गनाशमधला प्रत्येक खड्डा दिसतो. खाली पिठीसाखर नको, दमट हवेत ती चिकटते. कॉर्नफ्लॉवरची मलमलमध्ये पुरचुंडी बांधा आणि हलकी आपटा. चकती फिरवत राहा, पण पोळीसारखी उलटू नका.

गनाशवर ओला ब्रश फिरवा, चकाकी येईल एवढाच. पाणी ओघळलं तर पुन्हा घसरगुंडी. चकती लाटण्यावर घेऊन केकवर सोडा. मधून बाहेर हात फिरवून हवा काढा आणि लगेच वरची कड सगळीकडून चिकटवून टाका, नाहीतर लोंबणाऱ्या पदराचं वजन तिथे येतं. खाली निऱ्या पडल्या की जवळजवळ प्रत्येकजण त्या खाली ओढतो. ओढू नका. एका हाताने निरी बाहेरच्या बाजूला उचलून मोकळी करा आणि दुसऱ्या तळव्याने वरून खाली टेकवत या. घाई हवी, कारण पृष्ठभाग सुकला की हत्तीच्या कातडीसारख्या बारीक भेगा पडतात. भेगा पडल्याच तर बोटाच्या टोकावर जरासं वनस्पती तूप घेऊन गोल गोल चोळा.

फुगवटा आला तर आत हवा अडकली आहे. थंड केक गरम होताना ती प्रसरण पावते. स्वच्छ बारीक सुई तिरकी टोचून हवा दाबून काढा आणि वरून स्मूदर (फोंडंट गुळगुळीत करायची सपाट थापी) फिरवा.

फ्रिजमधून काढलेला केक घामेजणारच, पावसाळ्यात तर नक्की. पुठ्ठ्याच्या बंद खोक्यात ठेवा आणि बाहेर काढल्यावर खोका लगेच उघडू नका. पाणी मग खोक्यावर जमतं. तरीही थेंब आलेच तर पुसायचे नाहीत, पंख्याखाली सुकू द्यायचे.

फुलं-बाहुल्यांसाठी 250 ग्रॅम फोंडंटमध्ये अर्धा छोटा चमचा सीएमसी (फोंडंट कडक करणारी खाण्याजोगी पूड) मळा, आणि उभी आकृती असेल तर दोन-तीन दिवस आधीच करून ठेवा. गडद लाल आणि काळा फोंडंट मात्र तयारच आणा. घरी तो रंग येईपर्यंत इतका जेल रंग पडतो की गोळा चिकट होतो, आणि घाम आला की रंग पांढऱ्यावर ओघळतो.