मंडळीतले दोन ज्येष्ठ सेवक एकमेकांशी बोलत नाहीत, नेत्यानं मध्ये पडावं का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: तुमच्या मंडळीतल्या, म्हणजे चर्चमधल्या, उपासनेची जबाबदारी नुकतीच तुमच्याकडे आली आहे. गायनवृंद सांभाळणाऱ्या दोघा ज्येष्ठांचं बोलणं कधीपासून बंद आहे. दोघंही आपापली बाजू तुमच्या कानावर घालतात आणि मंडळीचे पंच म्हणतात, "प्रार्थना करा, प्रभू बघून घेईल." मग मध्ये पडावं की गप्प बसावं?

पडावं. प्रार्थना कराच, पण समोरासमोर बोलणं टाळायची ती सबब होता कामा नये. मत्तय १८:१५ मध्ये प्रभू येशू सांगतो की भावानं तुझा अपराध केला तर त्याच्याकडे जा, आणि दोघंच असताना त्याला त्याची चूक दाखव. मत्तय ५:२३-२४ मध्ये उलट बाजू आहे: भावाच्या मनात तुझ्याविरुद्ध काही आहे असं आठवलं, तर अर्पण वेदीपाशी ठेव आणि आधी समेट करायला जा. म्हणजे ज्याला लागलं त्यानंही जायचं आणि ज्याच्यामुळे लागलं त्यानंही. "आधी त्यांनी यावं" म्हणायला जागाच उरत नाही.

आपल्याकडे मात्र गाडी उलटी सुटते. मत्तय १८ मधला क्रम आधी दोघांत, मग एक-दोन साक्षीदार घेऊन आणि त्यानंतर मंडळीसमोर असा आहे. आपण मंडळीपासूनच सुरुवात करतो, तेही प्रार्थनेचा विषय म्हणून. "अमक्या भगिनीसाठी प्रार्थना करा, तिचं मन फार कठीण झालंय." ही डोळे मिटून केलेली चहाडी आहे.

म्हणून तुमचं पहिलं काम म्हणजे निरोप पोचवणं बंद करणं. उपासना संपून खुर्च्या आवरत असताना कोणीतरी बाजूला घेतं आणि हळूच म्हणतं, "तुम्हाला म्हणून सांगते, माझं नाव कुठे येऊ देऊ नका." मी एवढंच विचारतो, "हे त्यांना सांगितलंत का?" उत्तर बहुधा ठरलेलं असतं: "त्यांना सांगून काय उपयोग?" मग मी म्हणतो, "मी तुमच्याबरोबर येईन, पण तुमच्याऐवजी जाणार नाही." बऱ्याच तक्रारी तिथेच विरतात. ज्या उरतात त्या खऱ्या असतात, आणि त्यांना वेळ द्यावा लागतो.

आता प्रत्यक्ष बोलण्याविषयी. बायबलमधल्या यहोशवाच्या पुस्तकातल्या २२ व्या अध्यायातला प्रसंग पुढाऱ्यांनी पुन्हा पुन्हा वाचावा असा आहे. इस्राएलाच्या वंशांपैकी रऊबेन, गाद आणि मनश्शेचा अर्धा वंश यांनी यार्देन नदीपाशी एक मोठी वेदी बांधली. बाकीच्या इस्राएलाला वाटलं, यांनी देवाला सोडलं. लढाईसाठी सगळे शिलोत जमले. पण चालून जाण्याआधी त्यांनी फिनहास याजक आणि दहा सरदारांना विचारायला पाठवलं. फिनहासाची सुरुवात आरोपानंच झाली, हेही लक्षात घ्या. शब्द काही मऊ नव्हते. पण त्यानं उत्तर ऐकून घेतलं. ती वेदी यज्ञासाठी नव्हतीच. पुढच्या पिढ्यांनी "तुमचा परमेश्वराशी काय संबंध?" असं म्हणू नये, यासाठी ठेवलेली ती साक्ष होती. लढाई टळली. गेलेली माणसं ऐकायच्या तयारीनं गेली नसती, तर भावाभावांत रक्त सांडलं असतं.

दोघांनाही आधी वेगवेगळं भेटा. पहिल्याचं ऐकून झालं की तोच बरोबर वाटतो (नीतिसूत्रे १८:१७ हेच सांगतं), तेव्हा दुसऱ्याला भेटेपर्यंत मान डोलावू नका. बोलण्यात "नेहमी", "कधीच", "किंमत देत नाहीत" असे शब्द आले की थांबवा आणि विचारा: शेवटचं कधी घडलं, कोण नेमकं काय बोललं? खणत गेलं की "मला किंमत देत नाहीत" याखाली बऱ्याचदा एवढंच निघतं, की सराव झालेली गाणी आदल्या रात्री न विचारता बदलली आणि ते ग्रुपवर सगळ्यांबरोबर कळलं. दुखणं खरं आहे, पण आता त्याला हात घालता येतो. गाणी कोण ठरवणार, कधीपर्यंत ठरणार आणि नंतर बदल करायचा तर कोणाला फोन करायचा, हे लिहून काढा.

मंडळीतली अर्धी भांडणं अशी व्यवस्थेची असतात आणि आपण त्यांवर नम्रतेचे उपदेश करत बसतो. प्रेषितांची कृत्ये ६ मध्ये ग्रीक भाषा बोलणाऱ्या यहूद्यांनी कुरकुर केली की रोजच्या वाटपात आमच्या विधवांकडे दुर्लक्ष होतं. प्रेषितांनी त्यांना सहनशीलता शिकवली नाही, वाटपाची व्यवस्था बदलली. निवडलेल्या सातही जणांची नावं ग्रीक आहेत. तक्रार करणाऱ्यांच्याच बाजूची माणसं कामावर नेमली असावीत, असं मला तरी दिसतं.

तुम्ही वयानं लहान आहात, त्याची धास्ती तुमच्या प्रश्नात जाणवते. आपला तरुण सहकारी तीमथ्य यालाही प्रेषित पौलानं हेच बजावलं होतं, की वडील माणसाला टाकून बोलू नकोस, बापासारखं मानून समजाव. म्हणजे समजावायचं आहेच, फक्त सूर तो हवा. चारचौघांत नको, आणि उपदेशातून टोमणे तर मुळीच नकोत. बाकावर बसलेल्या माणसाला उलट बोलता येत नाही. पौलानं पेत्राला अंत्युखियात सर्वांसमोर सुनावलं हे खरं, पण पेत्र विदेश्यांच्या, म्हणजे यहूदी नसलेल्या विश्वासणाऱ्यांच्या, पंगतीतून उठला होता तोही सर्वांदेखत, आणि त्याच्या मागे पौलाचा सोबती बर्णबासुद्धा वाहवला होता. तुमच्या गायनवृंदात तसं काही घडलेलं नाही.

एक अपवाद ठळकपणे सांगतो. मूल, स्त्री किंवा कोणाही दुर्बळ व्यक्तीवर अत्याचार झाला असेल, मारहाण असेल, तर मत्तय १८ पुढे करून पीडिताला त्या माणसासमोर एकटं बसवू नका. तिथे आधी पीडिताची सुरक्षितता बघायची आणि पोलिसांकडे जायचं. "मंडळीचं नाव खराब होईल" म्हणून मिटवामिटवी करणारा पुढारी स्वतः त्या अपराधात सामील होतो. दानाच्या पैशांची अफरातफरही दोघांतली गोष्ट नाही; हिशेब बाहेरच्या माणसाकडून तपासून घ्या.

एवढं करूनही ते दोघं पूर्वीसारखे होतील याची हमी नाही. कृत्ये १५ मध्ये विदेशी विश्वासणाऱ्यांनी सुंता करावी का, हा केवढा मोठा वाद बैठकीत सुटला, आणि त्याच अध्यायाच्या शेवटी एकट्या मार्कला बरोबर घ्यायचं की नाही यावरून पौल आणि बर्णबा वेगळे झाले. चूक कोणाची, हे कृत्ये लिहिणारा लूक सांगत नाही. पुढे पौलच लिहितो की मार्कला घेऊन ये, तो सेवेसाठी उपयोगी आहे. तुमचे दोघं आलटून पालटून रविवार घेऊ लागले आणि एकमेकांविषयी मागे बोलायचे थांबले, तरी मी त्याला यशच म्हणेन.

आणि भेटीसाठी मेसेज कराल तेव्हा नुसतं "जरा बोलायचं आहे" असं लिहू नका. विषय लिहा, वेळ लिहा. नाहीतर समोरचा माणूस भेटीपर्यंतच्या रात्री जागून काढतो आणि भांडणाची पूर्ण तयारी करून येतो.