जुनी ग्रेंज घेताना आधी बाटलीची मान बघ

अरे, पहिलीच जुनी ग्रेंज, म्हणजे पेनफोल्ड्सची ती नावाजलेली ऑस्ट्रेलियन रेड वाइन घेतोयस ना, मग लेबलवरच्या वर्षाच्याही आधी बाटलीतल्या वाइनची लेव्हल बघ. मानेपर्यंत असेल तर बरंय, खांद्याच्या खाली उतरली असेल तर कितीही स्वस्त मिळू दे, सोडून दे. मी एकदा लिलावात नुसतं लेबल बघून घेतली, उघडली तर व्हिनेगरचा वास, अजून जीव हळहळतो. पेनफोल्ड्सचा वाइनमेकर मॅक्स शुबर्टने १९५१ला पहिली प्रायोगिक ग्रेंज बनवली, मग कंपनीतून वरून बंद कर म्हणून हुकूम आला तरी पठ्ठ्या १९५७ ते ५९ लपूनछपून करत राहिला, म्हणून त्या वर्षांवर कलेक्टर लोक जीव टाकतात, पण तू आपली १९९०नंतरचीच बघ.

उघडायच्या आदल्या दिवशी बाटली उभी ठेव, गाळ तळाला बसू दे. कॉर्क भुसभुशीत झालेला असतो, दोन पात्यांचा ओपनर घे आणि अगदी हळू. ओतताना मानेखाली टॉर्च धर, गाळाची काळी रेघ मानेशी आली की थांबायचं. ग्लासात कडेला विटकरी झाक दिसेल, वास आधी मिटलेला वाटतो, मग हळूहळू चामडं, सुकं अंजीर, चॉकलेट असं एकेक उलगडत जातं. फक्त फार जुनी असेल तर तासन्‌तास डिकँटरमध्ये, म्हणजे वाइन ओतून ठेवायच्या काचेच्या भांड्यात, ठेवू नकोस, चव लवकर उतरते तिची.