'इराडिकेशन युनिट'ला मराठीत काय म्हणायचं?

साउथ जॉर्जियातल्या उंदरांवरचा लेख मराठीत करताय आणि 'इराडिकेशन युनिट'ला 'निर्मूलन केंद्र' चालेल का असं विचारलंय. माझ्या मते नको. केंद्र म्हटलं की पाटी लावलेलं ऑफिस डोळ्यासमोर येतं, 'विभाग'चंही तेच, आणि 'गट' लिहिलं तर औषध टाकायला निघालेली माणसं वाटतील.

आधी मूळ कल्पना बघा. दक्षिण अटलांटिकमधल्या या बेटावर सील आणि व्हेल मारणाऱ्यांच्या जहाजांतून उंदीर उतरले आणि जमिनीवर घरटी करणाऱ्या पक्ष्यांची अंडी-पिल्लं फस्त करत सुटले, तिथली तीरचिमणी तर जगात दुसरीकडे कुठेच नाही. एवढं मोठं बेट एका दमात साफ करणं फारच अवघड, पण तिथे हिमनद्या थेट समुद्राला भिडतात आणि उंदरांना त्या ओलांडता येत नसाव्यात असा अंदाज होता. नुसत्या अंदाजावर हेलिकॉप्टरमधून विष टाकत कोण सुटणार? म्हणून हिमनदीच्या अल्याडपल्याडच्या उंदरांचे डीएनए तपासले. येणंजाणं असतं तर पिढ्यानपिढ्या सरमिसळ होऊन दोन्हीकडचे नमुने सारखे दिसले असते, ते वेगळे निघाले, म्हणजे एक बाजू साफ केली तर पलीकडचे येऊन ती परत भरणार नाहीत. असा जो तुकडा स्वतंत्रपणे पण पूर्णच साफ करायचा, ते हे 'युनिट', २००४ च्या शोधनिबंधात तसंच मांडलंय. घाई यासाठी की हिमनद्या वितळून मागे सरकल्या की हे तुकडे एकमेकांना जोडले जाणार. मोहीम २०११ ते २०१५ अशी टप्प्याटप्प्याने झाली आणि २०१८ मध्ये बेट उंदीरमुक्त जाहीर झालं, मला तर ही फार मोठी गोष्ट वाटते.

म्हणून मी 'निर्मूलन-क्षेत्र' घेईन, आणि पहिल्यांदा येईल तिथे 'एका दमात साफ करायलाच हवा असा उंदरांचा मुलूख' एवढं जोडेन. 'नियंत्रण-क्षेत्र' मात्र अजिबात नको, नियंत्रणात थोडे उरले तरी चालतात, इथे गाभण मादी एक जरी उरली तरी सगळं परत सुरू.

आणखी एक, मोहिमेनंतर उंदीर सापडला तर 'उरलेला' आणि 'नव्याने आलेला' हा फरक लेखात नीट ठेवा, डीएनए जुन्या नमुन्यांशी ताडून तो ठरवता येतो आणि पुढे काय करायचं ते त्यावरच अवलंबून असतं. उरला असेल तर विष टाकण्यात कुठेतरी फट राहिली, आला असेल तर बोटींची तपासणी कडक करायची. न्यूझीलंडमध्ये प्रयोगासाठी मुद्दाम सोडलेला एक नर तर ४०० मीटर समुद्र पोहून शेजारच्या बेटावर गेला होता, तो तोच हे विष्ठेतल्या डीएनएवरून कळलं.

आणि 'रॅट'ची 'घूस' करू नका, घूस वेगळी, साउथ जॉर्जियातला तो तपकिरी उंदीरच.