शनिवारची क्वार्टर आणि घरातला मार

ताई, नवरा यंत्रमागावर जातो, शनिवारी पगार झाला की पिऊन हात उचलतो, रविवारी रडून माफी मागतो, मग दोष दारूचा की त्याचा, असं तुम्ही विचारलंय.

दारूनं माणसाचं लक्ष आखडतं. समोरचा एक टोमणा तेवढा मोठा दिसतो, पोरांचं आणि उद्याचं भान मागं पडतं. दिवसभराचा शीण असेल तर भडका आणखी लवकर उडतो. पण त्याच नशेत तो मालकावर किंवा चौकातल्या पोलिसावर हात टाकतो का? नसेल टाकत, तर स्वतःला आवरणं त्याला जमतं, घरी तो आवरत नाही. म्हणून दारू सुटली की मारही सुटेल, या भरवशावर राहू नका.

१८० मिलीच्या क्वार्टरमध्ये साधारण ६० ग्रॅम अल्कोहोल असतं आणि शरीर तासाला ७ ते १० ग्रॅमच जिरवतं. रात्री ९ ला संपवली तर पहाटे ३ ते साडेपाचपर्यंत ती अंगात असते. हातभट्टीचा तर जोरच कळत नाही. त्या वेळात पैशाचा विषय काढू नका. चूक तुमची आहे म्हणून नव्हे, तुमच्या जिवासाठी सांगतोय. रविवारी दुपारी, जेवणं झाल्यावर, एकच मागणी ठेवा: सिव्हिलच्या मानसोपचार ओपीडीत चला. तो तयार नसेल तर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ वर तुम्हीही बोलू शकता.

तो रोज पीत असेल तर घरीच एकदम बंद करायला लावू नका. पहिल्या दिवशी हात थरथरतात, दोन दिवसांत फिट येऊ शकते, नंतर भ्रम होतो, त्यात जीवही जातो. भाजीतून गुपचूप दारू सोडवायची गोळी देणं तर नकोच. त्यातलं डायसल्फिराम हे औषध पोटात असताना तो प्यायला, तर रक्तदाब कोसळू शकतो.

शनिवारी संध्याकाळआधीच आधार, रेशन कार्ड, पासबुक आणि थोडे पैसे विश्वासातल्या शेजारणीकडे ठेवा. आवाज चढला की स्वयंपाकघरात जाऊ नका, दाराजवळ राहा. ११२ पोलिसांसाठी, १८१ महिलांसाठी. घर सासूच्या नावावर असलं तरी २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्यानं तुम्हाला त्यात राहण्याचा हक्क आहे, संरक्षण अधिकाऱ्याकडे अर्ज करता येतो. आणि त्यानं कधी एकदाही गळा धरला असेल, तर पुढच्या शनिवारची वाट बघू नका, आजच पोरांना घेऊन बाहेर पडा.