कावळ्याच्या घरट्यातले परके पिल्लू

प्रश्न : आम्ही विलेपार्ल्यात तळमजल्यावर राहतो. घरामागच्या अंगणातल्या जुन्या आंब्यावर दरवर्षी कावळे घरटे करतात. यंदा त्यांच्यापैकी एक जण काळसर, फिकट ठिपक्यांच्या आणि लांब शेपटीच्या पिल्लाला भरवताना दिसला. सासूबाई म्हणतात, ते कोकिळेचे पिल्लू आहे. कावळ्याच्या स्वतःच्या पिल्लांची उपासमार होऊ नये म्हणून ते बाजूला काढावे का? शिवाय अंगणात गेले की कावळे डोक्यावर झेपावतात, त्यामुळे काही शेजारी ती फांदीच छाटायला सांगत आहेत.
— एक वाचक, विलेपार्ले

उत्तर : आपल्या सासूबाईंची नजर पक्की आहे. आपण केलेल्या वर्णनावरून ते कोकिळेचेच पिल्लू आहे आणि त्याला हात लावू नये, हे आधी स्पष्ट सांगतो.

कोकिळा स्वतः घरटे बांधत नाही. आपल्याकडे ती प्रामुख्याने कावळ्याच्या घरट्यात अंडी घालते. तिचे अंडे कावळ्याच्या अंड्यापेक्षा लहान असले तरी रंगाने आणि ठिपक्यांनी त्याच्याशी बरेच जुळते. खरी बाजी मात्र दिवसांच्या हिशोबात आहे : कावळ्याची अंडी उबवायला साधारण 16 ते 17 दिवस लागतात, तर कोकिळेची 12 ते 14 दिवसांतच फुटतात, त्यामुळे परके पिल्लू आधी बाहेर येते आणि घास मागण्यात पुढे राहते. युरोपातील कोकिळेच्या जातभाईचे पिल्लू यजमानाची अंडी पाठीवर घेऊन घरट्याबाहेर ढकलते. आपल्या कोकिळेचे पिल्लू सहसा असे करत नाही, म्हणून एकाच घरट्यात दोन्ही जातींची पिल्ले वाढलेली दिसू शकतात. काही पिल्ले मागे पडतात, हेही खरे. पण हा व्यवहार कावळा आणि कोकीळ यांच्यात फार पूर्वीपासून चालत आला आहे आणि आपल्या शहरात दोघेही टिकून आहेत. एका घरट्याची दया येऊन आपण मध्ये पडलो, तर एका पिल्लाचा जीव नक्की जाईल आणि उरलेल्यांना त्याचा लाभ होईलच, याची खात्री मात्र कोणी देऊ शकणार नाही.

पुढच्या वर्षी मार्चपासून याच आंब्याकडे सकाळी सहा ते सात या वेळेत लक्ष ठेवावे, अशी माझी आग्रहाची विनंती आहे. आपण बोलण्यात ‘कोकिळा गाते’ असे म्हणतो, पण ‘कुहूऽ कुहूऽ’ अशी चढत जाणारी साद घालणारा तो काळाभोर, लाल डोळ्यांचा नर असतो. तपकिरी, ठिपकेदार मादी ‘किक्-किक्-किक्’ असा घाईचा आवाज काढते. दादरला आमच्या इमारतीमागे बदामाचे झाड आहे. एका सकाळी त्याच्या शेंड्यावर नर अगदी उघड्यावर येऊन बसला आणि ओरडू लागला. दोन्ही कावळे घरटे सोडून त्याच्या मागे लागले, आणि ते समोरच्या गच्चीपलीकडे दिसेनासे होताच खालच्या पानांतून मादी आवाज न करता घरट्याकडे सरकली. ती मिनिटभरही तिथे थांबली नसेल. नर असे प्रत्येक वेळी करतोच असे नाही आणि पुष्कळदा मादी एकटीच संधी साधते, परंतु ते दृश्य पाहिल्यानंतर कोकिळेला आळशी म्हणणे मला कधीच पटले नाही.

आता कावळ्यांच्या झेपावण्याविषयी. पिल्ले घरट्यातून उतरून फांदीवर बसू लागली की आईबापांचा राग सर्वाधिक असतो, आणि पिल्ले नीट उडू लागली की तो आपोआप ओसरतो. तेवढे दिवस अंगणात जाताना छत्री उघडून जावे. पावसाळा तोंडावर आहेच. फांदी छाटायला मात्र ठाम नकार द्यावा. महाराष्ट्रात झाडांच्या जतनासाठी 1975 चा कायदा आहे आणि मुंबईत सोसायटीच्या आवारातील झाडासाठीही महानगरपालिकेच्या वृक्ष प्राधिकरणाची परवानगी घ्यावी लागते. ती मिळाली तरी घरटे रिकामे झाल्याची खात्री करूनच छाटणी व्हावी, असा अर्ज आपण सोसायटीकडे लेखी द्यावा.

वाऱ्यापावसात पिल्लू खाली पडले, तर त्याला घरात आणू नये आणि दूध-पाव तर मुळीच देऊ नये. मांजराची भीती असेल तर उथळ टोपलीत ठेवून ती टोपली त्याच झाडाच्या खालच्या फांदीला बांधावी आणि आपण दूर व्हावे. माणसाचा हात लागला की पक्षी पिल्लाला टाकतात, हा गैरसमज आहे. कावळे त्याला तिथेही भरवतील.

प्रश्न : पक्ष्यांसाठी पाणी आणि दाणे ठेवावेत का?
— एक वाचक, मुलुंड

उत्तर : पाणी जरूर ठेवावे. चार-पाच सेंटिमीटर खोलीची मातीची परात पुरेशी असते. मात्र रोज पाणी ओतून टाकून परात घासावी, कारण साचलेल्या पाण्यात आठवड्याभरात डास तयार होतात आणि मुंबईत डेंग्यूची भीती खरी आहे. दाण्यांना माझा विरोध आहे. दाणे टाकले की कबुतरांचे थवे जमतात आणि बुलबुल, दयाळ, शिंपी यांना अंगणात जागा उरत नाही. त्याऐवजी जास्वंद लावावी, शिंजीर मधासाठी येईल. कढीपत्त्याचे झाड पिकू द्यावे, त्याच्या काळ्या फळांवर बुलबुल तुटून पडतात.